हाय-हूड जीपचा व्हॅक्यूम वायपर: दुरुस्तीच्या नोंदी

१८ मे

गाडी महिंद्रा सीजे-३बी, साठच्या दशकातली. पेट्रोल, चार सिलिंडर, २१९९ सीसी. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत तिची बरीच वर्षं गेली, आता नागपुरात आमच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन उंच असल्यानं बॉनेटही उंच, म्हणून जुने लोक तिला हाय-हूड म्हणतात. बारा व्होल्टचं वायरिंग, दोन्ही वायपर व्हॅक्यूमवर चालणारे.

तक्रारी तीन. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता फिरत असताना वायपर कसेबसे सरकतात आणि रेस दाबली की जागीच थांबतात. हेडलाइट पिवळे पडलेत. सकाळी स्टार्ट केल्यावर आणि उतारावर गाडी निळा धूर सोडते, इंजिन ऑइलची पातळीही उतरते.

जो येतो तो एकच सल्ला देतो: व्हॅक्यूमचं झंझट काढा, बारा व्होल्टची मोटर बसवा. मिस्त्रीकाका तर कालच म्हणाले, "काढून फेका ना भाऊ तो डब्बा. मोटर बसवून देतो, संध्याकाळपर्यंत गाडी तयार."

काकांचा हात चांगला आहे आणि त्यांच्यावर माझा विश्वासही आहे, पण इथं मी नाही म्हटलं. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, अशी तिची अट आहे. वायपरची मोटर काही त्या अटीत अडकत नाही. माझं कारण वेगळं आहे. हा वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो. तो धड चालत नसेल तर इंजिनात कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे. मोटर बसवून काच पुसली जाईल, हवा मात्र शिरतच राहील आणि पुढं व्हॉल्व्ह जाळेल. म्हणून वायपर सगळ्यात शेवटी उघडायचा. सुरुवात मॅनिफोल्डपासून.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असली की त्या ओढीनं मॅनिफोल्डमधली हवा विरळ होते. तिथून एक नळी वायपरच्या डब्याला जाते. झडप पूर्ण उघडली की बाहेरची हवा भसकन आत येते आणि ओढ जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे पावसात ट्रकला ओव्हरटेक करायला रेस दाबली, ट्रकच्या चाकांचं चिखलपाणी काचेवर आलं, की नेमका तेव्हाच वायपर थांबणार. ही अडचण कारखान्यालाही ठाऊक होती. म्हणून या जीपच्या पेट्रोल पंपाला दुसरा मजला आहे: एका बाजूला पेट्रोल ओढणारा रबरी पडदा (डायफ्रॅम), दुसऱ्या बाजूला वायपरसाठी हवा ओढणारा पडदा, दोन्ही कॅमशाफ्टवरच्या लेव्हरनं हलतात. मॅनिफोल्डची ओढ संपली की पंपानं वायपर ओढत ठेवायचा.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. पत्र्याच्या शेडमध्ये दहानंतर उभं राहवत नाही. पहाटे सुरुवात केली.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डच्या तोटीपाशी 'टी' टाकून जोडला. इंजिन पूर्ण गरम, स्लो फिरती. काटा १३ इंचांवर, थोडा थरथरता. हे इंच पाऱ्याचे. तब्येतीनं बऱ्या इंजिनाला समुद्रसपाटीवर १८ ते २० मिळायला हवेत. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच, आणि दर तीनशे मीटरला सुमारे एक इंच कमी धरायचा. म्हणजे इथं १७ ते १९ आले तर समाधान मानावं. १३ म्हणजे चार इंच कुठं तरी गळताहेत.

आता गळती शोधायची ती निम्मी-निम्मी करत.

पहिली चाचणी: वायपरकडे जाणारी सगळी लाइन तोटीपासून काढली आणि गेज थेट तोटीवर लावला. काटा साडेपंधरा. म्हणजे अडीच इंच वायपरच्या लाइनमध्ये जातात आणि उरलेले इंजिनाच्या अंगावरच.

दुसरी चाचणी: लाइन परत जोडली आणि पंपाची वायपरकडची तोटी रबरी टोपीनं बंद केली. आता सर्किटमध्ये फक्त मॅनिफोल्ड आणि पंप. काटा १३ वरून किंचित हलला, बस. वायपरचा डबा, काचेपर्यंतची नळी, नॉब हे सगळं बाजूला काढूनही गळती तशीच. मग ती पंपातच आहे.

काकांना गेज दाखवला. त्यांनी काट्याकडं पाहिलं, मग सायलेन्सरकडं. "पंपाचं राहू द्या भाऊ, गाडी धूर मारून राहिली. रिंगा गेल्या तिच्या. इंजिन खोलावं लागते."

पिस्टनच्या रिंगांचं पुढं पाहू. आधी इंजिनाच्या अंगावरची गळती.

१ जून

या इंजिनाची एक सोय फार आवडते. एफ-हेड रचना: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, आणि इनटेकचा सगळा मार्ग हेडच्या ओतकामातच. वेगळं इनटेक मॅनिफोल्ड नाही, त्यामुळं त्याचं लांब पॅकिंग फुटायचा प्रश्न नाही. हवा शिरायच्या जागा मोजक्याच उरतात: कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, थ्रॉटलची दांडी, क्रॅंककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या घराची) हवा खेचणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि तोट्यांचे आटे.

इंजिन चालू ठेवून झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्यानं एकेका जागी थोडं पाणी सोडलं. गळती असेल तिथं पाणी क्षणभर आत ओढलं जातं आणि फिरती बदलते. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारतात, कुणी अगरबत्तीचा धूर धरतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोल किंवा निखारा नेऊ नका. पाण्यानं तेवढंच कळतं.

बुडाच्या पॅकिंगपाशी पाणी पडताच आवाज बदलला. दांडीच्या एका टोकाशीही. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला तर खुळखुळ वाजलाच नाही. काजळीनं आतला तुकडा उघडा राहून चिकटला होता, म्हणजे स्लोवरही पूर्ण भोकानं हवा आत.

व्हॉल्व्ह धुतला, आता वाजतो. पॅकिंगसाठी इतवारीतून शीट आणली, कार्बोरेटरच्या बुडाचा ठसा घेऊन कापली. त्याआधी बूड काचेवर ठेवून पाहिलं तर मध्ये उजेड दिसत होता. वर्षानुवर्षं बोल्टचे कान आवळून वाकलेलं. काचेवर पॉलिश पेपर पसरून आठच्या आकड्यात घासत सपाट केलं. नुसतं जाड पॅकिंग घातलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात तेच काम परत निघालं असतं.

दांडीचं भोक अंडाकृती झालं होतं. हिंगणा रस्त्यावरच्या लेथवाल्याकडून पितळी बुश करून घेतले. त्यांनी बुश बसवून आत दांडी फिरवून दाखवली: हलत नाही आणि अडतही नाही.

८ जून

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच. ठिणगीचं टायमिंग मॅन्युअलप्रमाणे ५ अंश आधी, दिव्यानं पाहून. ते बरंच मागे गेलं होतं. मागे गेलेलं टायमिंग हेही कमी व्हॅक्यूमचं कारण असतं, आणि तेव्हा काटा थरथरत नाही, नुसता खाली स्थिर राहतो. म्हणून लोक गळती शोधत बसतात.

गेज थेट तोटीवर: साडेसतरा, काटा स्थिर. नागपूरच्या उंचीला हे चांगलं म्हणायचं. वायपरची लाइन जोडली की परत पंधरा. इंजिनाकडचं काम झालं, आता पंप.

१५ जून

ही नोंद लांबणार आहे, कारण सगळ्या कामाचं मर्म इथं आहे.

काका रिंगांवर ठाम होते, म्हणून आधी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं. चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडी धरली, सेल्फ मारला. चारही सिलिंडर ११० ते ११५ पीएसआयच्या आत. रिंगा गेलेलं इंजिन सहसा असे जवळजवळ सारखे आकडे देत नाही. "मग तेल कुठून येऊन राहिलं?" काका म्हणाले. प्रश्न रास्त होता.

पंपाकडून मॅनिफोल्डला जाणारी नळी दोन्ही टोकांनी सोडवली आणि वर्तमानपत्रावर उभी धरली. काळं, पातळ इंजिन ऑइल ठिबकायला लागलं, आणि बराच वेळ थांबलंच नाही. ही हवेची नळी. हिच्यात तेलाचा थेंबही असता कामा नये.

काका खाली वाकले. बोटानं तेल घेऊन अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. "अरे भाऊ! हे तर इंजिनातलंच आहे."

घडतं ते असं. व्हॅक्यूम पडद्याच्या एका बाजूला वायपरची आणि मॅनिफोल्डची हवा, दुसऱ्या बाजूला लेव्हरचं घर, जे क्रॅंककेसला उघडं असतं आणि तिथं गरम ऑइलचं धुकं असतं. पडदा शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. पडदा फाटला की मॅनिफोल्ड त्या फटीतून क्रॅंककेसचं धुकं सरळ ओढून घेतो आणि सिलिंडरमध्ये जाळतो. ओढ सगळ्यात जास्त कधी? पाय उचलून गाडी उतारावर सोडली की. उतारावरचा निळा धूर नेमका तेव्हाच यायचा. धूर, उतरणारं ऑइल, ढिसाळ स्लो आणि थांबणारा वायपर, चारही एका वीतभर पंपातल्या पडद्यापाशी येऊन मिळाले.

किती जीपांची इंजिनं या एका पडद्यापायी उघडली गेली असतील? रिंगा, बोअर, पिस्टन, सगळा खर्च होतो आणि धूर तसाच राहतो, कारण पंप जुनाच परत चढवला जातो. निळा धूर सोडणारी दुहेरी पंपाची गाडी हाती आली तर इंजिनाला पाना लावण्याआधी ही नळी काढून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, पानाही एकच लागतो. मनापासून सांगतो.

पेट्रोलच्या बाजूचा पडदा फाटला तर उलटं होतं: पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, तेही पाहिलं. नाही आला.

२२ जून

पंप खाली काढला. उघडण्याआधी तिन्ही भागांच्या कडांवर कानशीनं एक तिरकी रेघ ओढली, म्हणजे जोडताना भाग फिरून बसणार नाहीत. तोट्यांच्या दिशा चुकल्या तर नळ्या पुरत नाहीत.

व्हॅक्यूमचा पडदा बाहेर आला तो कडक होऊन. मधल्या पत्र्याच्या चकतीच्या कडेनं अर्धचंद्र फाटलेला. उजेडासमोर धरला तर फटीतून शेडचं दार दिसत होतं. पेट्रोलचा पडदा फाटला नव्हता, पण फुगून मऊ पडला होता. हल्ली पेट्रोल भरायला गेलं की मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल, आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. व्हॅक्यूमच्या पडद्याला पेट्रोल लागत नाही, त्याचा वैरी गरम ऑइल आणि वय. दोन्ही बदलायचे. किट घेताना पेट्रोलच्या बाजूचा पडदा इथेनॉल सोसणारा आहे का ते विचारून घेतलं. दुकानदारानं दोन जाती समोर ठेवल्या, महागडी घेतली.

जोडताना जपायची गोष्ट: स्क्रू आधी हातानं बसतील तेवढेच लावायचे. मग लेव्हर पूर्ण दाबून पडदा शेवटपर्यंत ताणायचा आणि तसाच धरून स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. पडदा असा शेवटपर्यंत न ताणता आवळला तर पहिल्याच मोठ्या फेरीला तो कडेनं ओढला जातो आणि काही महिन्यांत पुन्हा फाटतो. काकांनी लेव्हर धरली, मी आवळले.

आतले दोन छोटे झडप-व्हॉल्व्ह तोंडानं तपासले: एका बाजूनं फुंकर जाते, दुसऱ्या बाजूनं अडते. गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच तोटीला गेज लावून लेव्हर हातानं हलवली. काटा चढला आणि हात थांबल्यावरही बराच वेळ वर राहिला.

गाडीवर बसवून स्टार्ट. लाइन जोडलेली असताना साडेसतरा, काढल्यावरही साडेसतरा. धूर त्या दिवशी थोडा आला, कारण मार्गात साचलेलं तेल जळायचं होतं.

२९ जून

पाऊस सुरू झाला. आता वायपरचा डबा उघडायला हरकत नाही.

असले वायपर जगभर पोचवले ते अमेरिकेतल्या बफेलोच्या ट्रायको कंपनीनं, आणि रचना इतकी सरळ आहे की कौतुक वाटतं. अर्ध्या भाकरीच्या आकाराचा ओतीव डबा. आत मधोमध दांड्यावर बसलेलं एक पातं, त्याच्या कडांना चामड्याची किनार. पात्याच्या एका बाजूला ओढ, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, त्यामुळं पातं ओढीकडं झुकतं आणि वायपर फिरतो. फेरीच्या टोकाला पोचलं की एक छोटी स्प्रिंग टचकन उलटते, चकती सरकवते आणि ओढ दुसऱ्या बाजूला देते. मग पातं परत. बस, एवढंच. ना वायर, ना ब्रश, ना गिअर.

आतली अवस्था: जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि चकतीच्या मार्गात हिरवट गंज. चामडं वाळून कडांपासून सुटलं होतं, पण तुटलं नव्हतं. डबा जस्ताच्या मिश्रधातूचा, ठिसूळ, म्हणून झाकण ठोकून काढायचं नाही. कडेनं सुरीचं पातं घालत हळूहळू उचललं. ग्रीस डिझेलनं धुतलं. चामडं त्यात बुडवू नका, ते वेगळं पुसून घ्यायचं.

चामड्याला एरंडेल. कोमट करून बोटानं चोळलं, रात्रभर ठेवलं, सकाळी परत. दुसऱ्या दिवशी किनार मऊ होऊन बाहेर फाकली आणि डब्याच्या भिंतीला लागली. ग्रीस पुन्हा भरलं नाही. दांड्याला हलकं तेल एक थेंब, आणि चकतीच्या जागेवर तेवढंच. जाड ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि उन्हाळ्यात छिद्रांत वाहतं, दोन्ही वेळी चकती अडकते. झाकणाचं पॅकिंग पातळ कागदाचं. जाड लावलं तर पात्याला वर मोकळी जागा मिळते आणि हवा तिथून निसटते.

टेबलावर हातपंपानं ओढ दिली. सहा इंचांवर पातं हललं, आठवर ठेक्यात चालू लागलं. प्रवाशाच्या बाजूचा डबा किंचित सुस्त आहे, पण चालतो.

६ जुलै

नळ्या. जीपची पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, म्हणून बिजागरीपाशी रबरी नळी लागते, आणि तिथंच ती चिमटून चपटी झाली होती. फिश टँकची पारदर्शक नळी लावू नका. स्वस्त असते, पण भिंत पातळ. नागपूरच्या उन्हात मऊ होते आणि ओढीनं आतून चिकटते. बाहेरून पाहिलं तर नळी ठीक दिसते आणि वायपर मेलेला असतो. जाड भिंतीची व्हॅक्यूमची नळी आणली. बिजागरीपाशी मोठं वळण ठेवलं, काच पाडून-उभी करून पाहिली. नळी कुठंही मुडपत नाही.

हेडलाइटचं थोडक्यात, कारण तिथं नवल काही निघालं नाही. बॅटरी १२.५ व्होल्ट, दिवा लावल्यावर दिव्याच्या होल्डरपाशी १०.४. मीटरची एक सळई दिव्याच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला: १.२ व्होल्ट. अर्थ जाळीच्या पत्र्यातून जातो आणि तिथं रंगाचे थर बसलेत. पत्रा खरवडला, बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर टाकली, हेडलाइटला रिले. आता होल्डरपाशी १२ च्या आसपास. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड सुमारे तीस टक्के पडतो, म्हणून फरक डोळ्यांना लगेच दिसला.

१३ जुलै

चढाची चाचणी. सेमिनरी हिल्सवर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दाबून चढलो. पावसाची बारीक सर होती. वायपर मंदावला, थांबला नाही. गेजची लांब नळी केबिनमध्ये घेतली होती. वायपरच्या बाजूला नऊ-दहा इंच दिसत होते आणि ते सगळे पंपाचे. मॅनिफोल्ड त्या वेळी काहीच देत नसतो.

काहींनी सुचवलं होतं की वाटेत एक रिकामी टाकी आणि एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह टाका, म्हणजे ओढ साठून राहील. कल्पना जुनी आहे. १९६८ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये लपणारे हेडलाइट वर-खाली करणं आणि वायपरवरचं झाकण उघडणं, दोन्ही कामं व्हॅक्यूमवर होती. तिथं मॅनिफोल्ड, चेक व्हॉल्व्ह, टाकी, स्विच, रिले आणि शेवटी दिव्याला ढकलणारा पडदा अशी साखळी. एक डोळा उघडतो आणि दुसरा अर्धवट राहतो ही त्या गाड्यांची नेहमीची तक्रार, आणि शोधायची रीतही हीच: मॅनिफोल्डपासून सुरुवात, एकेक नळी बंद करत पुढं.

टाकी तात्पुरती लावून पाहिली. चेक व्हॉल्व्हच्या पुढं, पंपाची नळी बाजूला ठेवून, नुसत्या साठ्यावर वायपर चालवला. थोड्या फेऱ्या मारून तो थांबला. कारण उघड आहे. हेडलाइट एकदा वर आला की काम संपतं, साठ्याला पुन्हा भरायला वेळ मिळतो. वायपर मात्र प्रत्येक फेरीला डबाभर हवा सोडतो, अखंड. त्याला साठा नको, चालता पंप हवा. टाकी काढून ठेवली. ज्यांच्या गाडीला दुहेरी पंपच नाही त्यांना छोट्या चढापुरती ती उपयोगी पडेल.

२७ जुलै

रामटेकला जाऊन आलो. कामठी, कन्हान, मनसर, आणि शेवटी गडमंदिराचा चढ. कन्हानच्या पुढं जोराचा पाऊस लागला आणि पुढं ट्रकची रांग. एका ट्रकला ओलांडताना रेस पूर्ण दाबली. काचेवर लाल चिखलाचा सडा आला, वायपरनं हळू पण न थबकता तो ओढून काढला. पाय उचलताच त्याची गती एकदम वाढली. या वायपरची हीच चाल आहे. इंजिनावर जोर आला की सावकाश, जोर उतरला की झपाझप. थोड्या वेळानं कानाला सवय होते आणि इंजिन कसं ओढतंय ते काचेवरच दिसतं.

एक सुधारणा निघाली. नवीन ब्लेड वक्र काचेसाठीचे मिळाले होते. जीपची काच सपाट, त्यामुळं टोकं जास्त दाबत होती आणि डब्यावर विनाकारण भार येत होता. साध्या सपाट पट्टीचे ब्लेड शोधून बसवले, आर्मच्या स्प्रिंगचा ताणही थोडा कमी केला. काच कोरडी असताना वायपर चालवायचा नाही, हेही शेडमध्ये सगळ्यांना सांगितलंय.

२४ ऑगस्ट

पोळा झाला, काल मारबतीची मिरवणूक पाहून आलो. आज सावकाश तपासणी.

व्हॉल्व्हची फट इनटेक ०.०१८, एक्झॉस्ट ०.०१६ अशी लावून घेतल्यावर गेज १८, स्थिर. पाय झटकन दाबून सोडला तर काटा शून्याकडं जाऊन २२ पर्यंत उसळतो आणि परत १८ वर येतो. रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक असल्याची ही चांगली खूण. रामटेक आणि त्यानंतरच्या चकरा धरूनही ऑइल डिपस्टिकवर जवळजवळ त्याच रेघेला आहे. उतारावर मागे निळं काही दिसत नाही.

प्रवाशाच्या बाजूचा वायपर नॉब बंद केल्यावर काचेच्या मध्येच उभा राहतो, कडेला जाऊन बसत नाही. चकतीचा एक मार्ग अजून तुंबलेला असावा. तो डबा परत उघडायचाय. किटमधला जास्तीचा व्हॅक्यूम पडदा तारीख घालून, कडेला उष्णता लागणार नाही अशा डब्यात ठेवलाय.

दुपारी मिस्त्रीकाका त्यांच्या एका गिऱ्हाइकाची जीप घेऊन आले, वर्ध्याकडची. मालकाला इंजिन बांधून हवंय आणि वायपरला मोटर. काका दारातूनच म्हणाले, "भाऊ, तुमचं ते काट्याचं मीटर द्या बरं. हिची नळी पाहून घेऊ आधी."

गेज लावला. स्लोवर १२ इंच. पंपाची वायपरकडची तोटी बंद केली, काटा हलला नाही. मॅनिफोल्डची नळी काढून काकांनी वर्तमानपत्रावर धरली. काळं ऑइल. इंजिनाला अजून हात लावलेला नाही, पंप उतरवायला घेतलाय.